फरोखचा पियानो

चिंतामणीच्या आगमनाला चिंचपोकळीत गेला असाल, तर ती गर्दी तुम्हाला माहितीये. ढोलाचा ठेका पडला की हजारो हात एकदम वर जातात. १३ जुलै १९८५ला लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर असंच झालं होतं. ‘लाइव्ह एड’ कॉन्सर्टमध्ये सुमारे ७२ हजार लोक एका माणसाच्या इशाऱ्यावर टाळ्या वाजवत होते. तो होता फ्रेडी मर्क्युरी. आता गंमत बघा. चिंचपोकळीहून एक स्टेशन पुढे भायखळा, तिथून पायी माझगाव. तिथल्या सेंट मेरीज शाळेत हा पोरगा काही काळ शिकला. तेव्हा त्याचं नाव होतं फरोख बलसारा.

त्याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६चा, झांझिबारमधल्या पारशी घरातला. वडील बोमी सरकारी नोकरीत कॅशियर. आठ वर्षांच्या फरोखला त्यांनी शिकायला थेट पाचगणीच्या सेंट पीटर्स बोर्डिंगमध्ये पाठवलं. आईबाबा समुद्रापार, त्यात पुढे आलेल्या दातांवरून पोरं चिडवायची. पण त्याची बोटं पियानोवर छान चालतात, हे मुख्याध्यापकांच्या लक्षात आलं. त्यांनी घरी पत्र लिहून कळवलं, की थोडी जादा फी भरली तर याला पियानो नीट शिकता येईल. घरचे हो म्हणाले. फरोखने चौथ्या ग्रेडपर्यंत परीक्षा दिल्या आणि मित्रांसोबत ‘द हेक्टिक्स’ हा शाळेचा बँड काढला. ‘फ्रेडी’ हे नावही याच शाळेतलं.

१९६४मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब सगळं मागे टाकून इंग्लंडला गेलं. फ्रेडी ईलिंगच्या आर्ट कॉलेजात ग्राफिक डिझाइन शिकला. केन्सिंग्टन मार्केटमध्ये त्याने जुने कपडेही विकले. १९७०मध्ये ‘क्वीन’ सुरू झाला. बँडचं बोधचिन्ह त्यानेच काढलं, कॉलेजचं शिक्षण असं कामी आलं.

१९७५मध्ये त्याने यामाहाचा एक छोटा ग्रँड पियानो घेतला. त्याच वर्षी आलं ‘बोहेमियन रॅप्सडी’. जवळपास सहा मिनिटांचं गाणं! एवढं लांब गाणं रेडिओवर कोण वाजवणार, असं कंपनीला वाटत होतं. ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं.

त्या काळात एड्सचं नाव घ्यायलाही लोक घाबरायचे. फ्रेडीने आजार जाहीर केला तो २३ नोव्हेंबर १९९१ला, आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. वय अवघं ४५. अंत्यसंस्कार पारशी पद्धतीने झाले. घर आणि त्यातलं सामान त्याने जिवलग मैत्रीण मेरी ऑस्टिनच्या नावे ठेवलं होतं. तिने ते तीसेक वर्षं जपलं आणि २०२३मध्ये लंडनच्या ‘सदबीज’मार्फत लिलावात काढलं.

आकडे ऐका. मिशांचा चांदीचा छोटा कंगवा ४०० ते ६०० पौंडांना जाईल असा अंदाज होता, तो गेला १ लाख ५२ हजार ४०० पौंडांना! यामाहा पियानो १७ लाख ४२ हजार पौंडांना, म्हणजे सुमारे १८ कोटी रुपयांना विकला गेला. सगळ्या लिलावांची बेरीज जवळपास ४ कोटी पौंड झाली. त्यातला काही हिस्सा एड्सविरोधी काम करणाऱ्या संस्थांसाठी ठेवला होता.

आणि ‘बोहेमियन रॅप्सडी’चे हस्तलिखित कागद? १३ लाख ७९ हजार पौंड. हे १५ कागद एका विमान कंपनीच्या जुन्या कॅलेंडरचे आहेत. त्यांवर खाडाखोडच खाडाखोड आहे. गाण्याचं नाव आधी ‘मंगोलियन’ लिहिलंय, मग ते खोडून ‘बोहेमियन’ केलंय. तुमच्या वहीची मागची पानं अशीच असतात ना? इतकं गाजलेलं गाणंही पहिल्या झटक्यात जमलं नव्हतं.

त्या १८ कोटींच्या पियानोची गोष्ट सुरू झाली ती पाचगणीच्या जादा फीपासून. कोणीतरी त्या पोराकडे नीट लक्ष दिलं आणि घरच्यांनी खिशात हात घातला. तुमच्यातलं असं काही एखाद्या सरांच्या, मॅडमच्या किंवा मित्राच्या लक्षात आलं असेल, तर ते हसण्यावारी नेऊ नका. क्लासची फी घरी मागायलाही लाजू नका.