फादर अलेक्झांडर द ऱ्होड

येशूसंघीय फादर अलेक्झांडर द ऱ्होड १६२७ साली टोंकिनला, म्हणजे उत्तर व्हिएतनामला पोहोचले. १६३० साली त्यांना हद्दपार करण्यात आले. पण तोवर त्यांनी स्थानिक धर्मशिक्षकांचा संघ उभा केला होता. फादरांच्या मागे त्यांनीच ख्रिस्तसभा सांभाळली. दक्षिणेतील त्यांचे तरुण धर्मशिक्षक आंद्रे १६४४ साली हुतात्मा झाले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली त्यांना धन्यवादित घोषित केले.

परतीची वाट बंद झाल्यावर फादरांनी १६५१ साली रोममध्ये आठ दिवसांच्या धर्मशिक्षणाचे पुस्तक लॅटिन व व्हिएतनामी भाषांत छापून घेतले. तेथील लोकांतूनच धर्मगुरू घडावेत, असा आग्रह धरला. १६६० साली ते इराणात निवर्तले. १६६८ साली पहिल्या व्हिएतनामी धर्मगुरूंना गुरुदीक्षा मिळाली.

आपल्या मुलांना शिकविणाऱ्या धर्मशिक्षकांना आपणही साथ देऊ या.