मंगळसूत्र आणि बोर्डिंग
मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, त्यामुळे कर्मवीर भाऊराव पाटील मला कळले ते होस्टेलच्या रूममेटकडून. घरात कॉलेजला आलेला तो पहिलाच. गंमत म्हणजे भाऊराव स्वतः मॅट्रिकही नव्हते! किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव फिरले. १९१९ मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग. सगळ्या जातींची पोरं एकाच पंगतीत. धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने काढून दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. १९३० मध्ये त्या गेल्या. १९४७ मध्ये साताऱ्यात कॉलेज निघालं, तिथे पोरं राबून शिकायची. भाऊराव १९५९ मध्ये वारले. रूममेट संध्याकाळी मेसचा हिशेब लिहून खर्च भागवतो. माझी फी अजून पप्पाच भरतात.