न्यूट्रॉन ताऱ्यांचं भाकीत करणारा भांडखोर शास्त्रज्ञ : फ्रिट्झ झ्विकी

जानेवारी १९३४ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका वर्तमानपत्रात एक व्यंगचित्र छापून आलं. मोठा तारा फुटतो आणि आक्रसून अवघ्या १४ मैलांचा गोळा उरतो, असं एक स्विस प्राध्यापक म्हणतोय, हा त्याचा विषय. अणूतला न्यूट्रॉन सापडून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती!

हे प्राध्यापक म्हणजे फ्रिट्झ झ्विकी. जन्म १८९८ चा, बल्गेरियातल्या वार्ना शहरातला. सहाव्या वर्षी आजी-आजोबांकडे स्वित्झर्लंडला रवानगी झाली. झुरिकला शिकून ते १९२५ मध्ये कॅलटेकला आले, आणि उरलेलं आयुष्य अमेरिकेत काढूनही स्विस नागरिकच राहिले. वॉल्टर बाडे यांच्यासोबत त्यांनी सुपरनोव्हा आणि न्यूट्रॉन ताऱ्याची सांगड घातली. पण स्वभाव असा फटकळ, की सहकारी चार हात लांबच राहत. पुढे तर बाडे त्यांच्यासोबत एकटं थांबायलाही घाबरत, असं सांगतात. त्यांचं म्हणणं लोकांनी तीसेक वर्षं फारसं मनावर घेतलं नाही, त्यात या स्वभावाचाही वाटा असावा. गंमत म्हणजे याच माणसाने महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या ग्रंथालयांसाठी टनावारी पुस्तकं गोळा करून पाठवली.

१९६७ मध्ये पल्सार सापडले आणि न्यूट्रॉन तारे खरे ठरले. झ्विकींना हे बघायला मिळालं. पुढचा चमत्कार मात्र हुकला.

८ फेब्रुवारी १९७४ रोजी ते गेले. सप्टेंबर १९७५ मध्ये नेदरलँड्सच्या एएनएस उपग्रहाला धनु राशीतल्या एनजीसी ६६२४ या तारकागुच्छातून क्ष-किरणांचे अचानक भडके उठताना दिसले. तिथला न्यूट्रॉन तारा शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेतो. प्रचंड गुरुत्वाकर्षणाखाली हेलियमचा थर दाबला जातो, तापतो आणि एका क्षणी सगळा एकदम पेटतो. हायड्रोजन बॉम्बसारखंच हे अणूंचं मीलन, फक्त ते अख्ख्या ताऱ्याच्या पृष्ठभागावर! सूर्य साधारण आठवडाभरात देतो तेवढी ऊर्जा काही सेकंदांत बाहेर पडते. ताऱ्याला मात्र काही होत नाही. काही तासांत नवा थर साचतो आणि पुन्हा भडका. असे भडकणारे शंभरावर न्यूट्रॉन तारे आपल्या आकाशगंगेत आजवर सापडलेत.

ते व्यंगचित्र झ्विकी शेवटपर्यंत अभिमानाने सांगत. आजच्या मोजमापानुसार न्यूट्रॉन ताऱ्याची रुंदी येते २० ते २५ किलोमीटर, आणि १४ मैल म्हणजे होतात साडेबावीस!