दिवा आणि नोंदवही : फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे जीवनकार्य

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आमच्या वसतिगृहातील काही मुली नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतात. त्या आनंदात असतात. पण एखादीचे पालक ही गोष्ट सांगताना आवाज खाली आणतात, असा आमचा अनुभव आहे. परक्यांचे मलमूत्र काढण्याचे, जखमा धुण्याचे काम आपल्या लेकीच्या वाट्याला का यावे, हा त्यांचा न बोललेला प्रश्न असतो. ज्या समाजावर पिढ्यान्पिढ्या अशी कामे लादली गेली, त्याच्या मनात हा प्रश्न उठणे आम्ही गैर मानीत नाही. त्याचे उत्तर शोधताना आम्हांला फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे चरित्र मार्गदर्शक वाटते.

त्यांचा जन्म 12 मे 1820 रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी एका सधन इंग्रज कुटुंबात झाला. शहराचेच नाव त्यांना मिळाले. वडिलांनी आपल्या दोन्ही मुलींना ग्रीक, लॅटिन, इतिहास व तत्त्वज्ञान घरीच शिकविले. फ्लॉरेन्स यांना गणिताची विशेष ओढ होती. 1845 मध्ये त्यांनी सॉल्झबरीच्या रुग्णालयात परिचर्या शिकण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा घरच्यांनी कडाडून विरोध केला. त्या काळी इंग्लंडातही श्रीमंतांचे उपचार घरी होत आणि रुग्णालये गरिबांसाठी असत. तेथे राबणारी परिचारिका म्हणजे अशिक्षित, व्यसनी बाई अशी समजूत होती. या कामाला ज्ञान लागत नाही, असे समाजाने ठरविले होते. म्हणून ते हलके होते. अखेर 1851 मध्ये जर्मनीतील कैसर्सवर्थ येथे सुमारे तीन महिने त्यांनी प्रत्यक्ष शिक्षण घेतले आणि 1853 मध्ये लंडनच्या एका लहान रुग्णालयाची व्यवस्था स्वीकारली.

पुढच्याच वर्षी इंग्लंड क्रिमियाच्या युद्धात उतरले. जखमी सैनिकांच्या हालअपेष्टा वृत्तपत्रांनी उघड केल्या. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या विनंतीवरून 38 स्त्रियांना घेऊन नाइटिंगेल निघाल्या व 4 नोव्हेंबर 1854 रोजी तुर्कस्तानातील स्कुटारी येथे पोहोचल्या. तेथील बॅरक रुग्णालयाखाली तुंबलेली गटारे होती. उंदीर, उवा, दुर्गंधी यांत रुग्ण दाटीवाटीने पडलेले असत. त्यांनी धुलाईची, स्वच्छ कपड्यांची, योग्य आहाराची सोय लावली. रात्री दिवा घेऊन फिरणारी त्यांची प्रतिमा तेव्हापासून जगभर गेली.

परंतु त्या पहिल्या हिवाळ्यात मृत्यू कमी झाले नाहीत, उलट वाढले. फेब्रुवारी 1855 मध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा 42 च्या वर गेले. मार्चमध्ये आलेल्या आरोग्य आयोगाने गटारे उपसली व हवा खेळती केली, तेव्हा जूनपर्यंत ते शेकडा 2 च्या आसपास उतरले. मायदेशी परतल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञासह त्यांनी ही आकडेवारी तपासली. बहुसंख्य सैनिक जखमांनी नव्हे, तर टाळता येण्याजोग्या रोगांनी दगावले होते. स्वतःच्या रुग्णालयाचे अपयशही त्यांनी झाकले नाही. वर्तुळात पाकळ्यांप्रमाणे मांडलेल्या आकृत्यांतून त्यांनी हे सत्य सरकारपुढे ठेवले. लंडनच्या संख्याशास्त्रीय संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सभासद झाल्या. आम्हांला त्यांच्या हातातील दिव्यापेक्षा ही नोंदवही मोठी वाटते.

9 जुलै 1860 रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचारिकांची शाळा सुरू झाली. रुग्णाचे निरीक्षण कसे करावे, श्वास, झोप, भूक, त्वचा यांतील फरक कसा टिपावा, अंथरुणाला खिळलेल्याला व्रण होऊ नयेत म्हणून काय करावे, हे तेथे रीतसर शिकविले जाई. 1865 मध्ये या शाळेत शिकलेल्या ॲग्नेस जोन्स लिव्हरपूलच्या अनाथ-दरिद्री लोकांच्या रुग्णालयात गेल्या. प्रशिक्षित परिचर्या पैसेवाल्यांपुरती न राहता निर्धनांच्या खाटेपर्यंत पोहोचली, हे आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तीनच वर्षांत जोन्स तेथेच टायफसने मरण पावल्या.

नाइटिंगेल हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत. तरी येथील लष्कराच्या आरोग्याविषयीच्या 1863 च्या अहवालामागे त्यांचे परिश्रम होते. गोऱ्या फौजेत दर हजारी 69 मृत्यू होत. पुढील दहा वर्षांत ते 18 वर आले. छावणीचे आरोग्य गावापासून वेगळे काढता येत नाही, हे ओळखून त्यांनी दुष्काळ, पाटबंधारे व गावांची स्वच्छता यांवर सातत्याने लिहिले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

चरित्र सांगताना उणिवा लपवू नयेत, असे इतिहासाने आम्हांला शिकविले आहे. रोगजंतूंचा सिद्धांत त्यांनी दीर्घकाळ मान्य केला नाही. परिचारिकांच्या शासकीय नोंदणीलाही त्यांचा विरोध होता. त्याच युद्धात जमैकाच्या मेरी सीकोल या कृष्णवर्णीय अनुभवी परिचारिकेला लंडनमध्ये कोणीच सेवेत घेतले नाही. त्या स्वखर्चाने रणभूमीवर गेल्या व युद्धानंतर कर्जबाजारी होऊन परतल्या. त्यांची आठवण ठेवल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

13 ऑगस्ट 1910 रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी नाइटिंगेल यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाचा मान कुटुंबीयांनी नाकारला. गावच्या लहानशा स्मशानभूमीत त्यांना विसावा मिळाला. त्यांचा जन्मदिन जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो.

आज डॉक्टर रुग्णाजवळ काही मिनिटे असतात. सिस्टर पाळी संपेपर्यंत असते. पहाटे दोनला नाडी, श्वास, रक्तदाब ती टिपते, सलाईनचा वेग पाहते, काही बिघडते आहे हे प्रथम ओळखते आणि पाळी बदलताना सारे पुढच्या सिस्टरला समजावून देते. तिच्या नोंदीवर डॉक्टरांचा पुढचा निर्णय उभा राहतो. जन्मावरून लादलेले काम आणि शिकून, निवडून, योग्य वेतन मागून केलेले काम यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात माणसाला प्रश्न विचारण्याची मुभा नसते. दुसऱ्यात प्रश्न विचारणे हाच कामाचा भाग असतो. आवाज खाली आणणाऱ्या पालकांना आम्ही हेच सांगतो, आणि मुलींना मात्र एवढेच, की सेवाभाव असावाच, पण गणित आणि विज्ञान कच्चे ठेवू नका.