विल्यम मॉरिस

विल्यम मॉरिस (२४ मार्च, इ.स. १८३४ - ३ ऑक्टोबर, इ.स. १८९६) हे इंग्लिश कवी, नक्षीकार आणि समाजवादी विचारवंत होते. कृत्रिम रंगांचा प्रसार होत असताना त्यांनी नैसर्गिक रंगांनी वस्त्रे रंगविण्याच्या जुन्या पद्धतींचे पुनरुज्जीवन केले.

जीवन

मॉरिस यांचा जन्म लंडनजवळील वॉल्थमस्टो येथे सधन कुटुंबात झाला. त्यांचे शिक्षण ऑक्सफर्ड येथे झाले. १८६१ मध्ये त्यांनी मित्रांसह गृहसजावटीच्या वस्तूंची पेढी काढली. कुटुंबाच्या संपत्तीचा मोठा वाटा डेव्हन परगण्यातील तांबे व आर्सेनिकच्या खाणीतून आला होता. त्या खाणीच्या संचालकपदाचा त्यांनी १८७५ मध्ये राजीनामा दिला.

रंगकाम

१८५६ मध्ये विल्यम पर्किन यांनी जांभळ्या कृत्रिम रंगाचा शोध लावला. त्यानंतर बाजारात आलेले ॲनिलीन रंग भडक असत व त्यांतील अनेक उन्हात लवकर विटत. म्हणून १८७५ पासून मॉरिस यांनी लीक येथील रेशीम-रंगारी टॉमस वॉर्डल यांच्या कारखान्यात प्रयोग आरंभिले. जुने वनस्पतिग्रंथ अभ्यासून ते स्वतः रंगकाम करीत. त्यामुळे त्यांचे हात निळे झालेले असत. तांबड्या रंगासाठी मंजिष्ठेच्या कुळातील मॅडरची मुळे, पिवळ्यासाठी वेल्ड ही वनस्पती, तपकिरीसाठी अक्रोड आणि निळ्यासाठी नीळ ते वापरीत. नीळ पाण्यात विरघळत नाही. अल्कधर्मी द्रावणात तिचे रूप पालटावे लागते. त्यातून काढलेले कापड प्रथम हिरवट दिसते व हवा लागताच निळे होते.

१८८१ मध्ये त्यांनी वँडल नदीकाठी मर्टन ॲबी येथे कारखाना हलविला. तेथे संपूर्ण कापड निळीत रंगवून नक्षीपुरता रंग उडविण्याची पद्धत त्यांनी यशस्वी केली. स्ट्रॉबेरी चोरणाऱ्या पक्ष्यांची १८८३ मधील त्यांची प्रसिद्ध नक्षी याच पद्धतीची असून तिच्यात निळ्यासोबत तांबडा व पिवळा रंगही साधला आहे.

मूल्यमापन

या पद्धती सर्वस्वी निर्दोष नव्हत्या. रंग पक्का करण्यासाठी धातूंचे क्षार आणि तो उडविण्यासाठी विरंजक द्रव्ये लागत. शिवाय काम वेळखाऊ असल्याने कापड महाग पडे. कला सर्वांसाठी असावी, असे मानणाऱ्या मॉरिस यांचे ग्राहक मुख्यतः श्रीमंतच राहिले. ही विसंगती त्यांना अखेरपर्यंत सोडविता आली नाही. तथापि, त्यांच्या प्रयत्नांमुळे नैसर्गिक रंगांचे ज्ञान टिकून राहण्यास मदत झाली. एथेल मायरे यांनी १९१६ मध्ये वनस्पतिज रंगांवर पुस्तक लिहून हा वारसा पुढे नेला.