पडद्याआडचे अशील आणि कॉर्नेलिया सोराबजी

न्यायालयाचे दार सर्वांना उघडे असते, हे विधान विधिशास्त्राच्या ग्रंथांत शोभून दिसते. परंतु ज्या अशिलाला स्वतःच्या वकिलासमोर बसून चार शब्द बोलण्याचीही मुभा नाही, त्याच्यापुरते ते दार बंदच म्हटले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगाल, बिहार, काठेवाड आदी प्रदेशांतील पडदानशीन स्त्रियांची स्थिती नेमकी अशी होती. त्यांपैकी कित्येकींच्या नावे मोठ्या जमीनदाऱ्या होत्या; वकील मात्र सगळे पुरुष. साहजिकच अशील आणि वकील यांच्यामध्ये मुखत्यार, कारभारी किंवा एखादा आप्त उभा असे. तो सांगेल ती हकीकत, तो आणील तो कागद आणि तो दाखवील तेथे सही.

कायद्याला याची जाणीव नव्हती असे नाही. ज्या स्त्रिया रूढीनुसार लोकांसमोर येत नाहीत त्यांना जातीने हजर राहण्यापासून दिवाणी कायद्याने सूट दिली होती. अशा स्त्रीकडून दस्तऐवज करून घेणाऱ्यानेच तो तिला नीट समजला होता हे सिद्ध करावे, असा दंडक प्रिव्ही कौन्सिलनेही घालून दिला होता. पण हा दंडक उपयोगी पडे तो नुकसान होऊन गेल्यावर, आणि तेही कोणी दावा लावला तर. सही करण्यापूर्वी तिला कागदाचा अर्थ कोणी सांगावा, या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. ते शोधण्यात कॉर्नेलिया सोराबजी यांचे अर्धे आयुष्य गेले.

त्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील सोराबजी खरसेटजी हे ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले पारशी धर्मोपदेशक. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा काढल्या. कारभाऱ्याने फसवून सही घेतलेली आणि त्यामुळे मालमत्तेला मुकलेली एक विधवा आईकडे मदत मागण्यास आली होती. त्या प्रसंगातून आपल्याला वकिलीची दिशा सापडली, असे कॉर्नेलियाबाईंनी पुढे आत्मचरित्रात नमूद केले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. विलायतेच्या सरकारी शिष्यवृत्तीस त्या गुणांनी पात्र होत्या, पण स्त्री म्हणून ती नाकारण्यात आली. काही काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात अध्यापन करून, इंग्लंडमधील हितचिंतकांनी जमवलेल्या पैशावर त्या १८८९ साली ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या. १८९२ साली त्यांनी तेथील कायद्याची बी.सी.एल. परीक्षा दिली. ती देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पदवी मात्र हाती पडली १९२२ साली! तीस वर्षांचा हा विलंब ऑक्सफर्डच्या कीर्तीत भर घालणारा खासच नाही.

भारतात परतल्यावर १८९६ साली पुण्यात त्यांनी खुनाचा आरोप असलेल्या एका स्त्रीचा बचाव केला. १८९७ साली मुंबईची एल्‌एल.बी. आणि १८९९ साली अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा, दोन्हीही पार पडल्या; सनद मिळाली नाही. संस्थानी मुलुखात विशेष परवानगीने उभे राहता येई. तेथे एका हत्तीच्या चरितार्थाचाही दावा त्यांनी चालवल्याची मौजेची हकीकत आत्मचरित्रात आहे. हत्तीला वकील मिळाला होता. राण्यांना मिळायचा होता.

१९०२ पासून त्यांनी इंडिया ऑफिसकडे एकच मागणी लावून धरली : पडद्यातील स्त्रिया व अज्ञान मुले यांच्यासाठी सरकारने स्त्री विधिज्ञ नेमावा. १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌सकडे त्यांची नेमणूक झाली आणि पुढे बिहार, ओरिसा, आसामपर्यंत त्यांचा संचार सुरू झाला. नेमणूक, तनखा, दत्तकविधान, मुलांचे शिक्षण, धर्मकृत्यांचा खर्च, सावत्र सासवा-सुनांतील वैर असे सारे त्यांनी अंतःपुरात प्रत्यक्ष बसून ऐकून घेतले. सुमारे वीस वर्षांत सहाशेहून अधिक स्त्रिया व अनाथ मुले यांना त्यांचे साहाय्य झाले, कित्येकदा विनामूल्य. अशिलाच्या तोंडून हकीकत ऐकणे ही वकिलीतील पहिली पायरी. ती या स्त्रियांच्या वाट्याला प्रथमच आली.

तथापि या व्यवस्थेतील एक गाठ दुर्लक्षिता येत नाही. कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स म्हणजे न्यायालय नव्हे. १८७९च्या कायद्यान्वये, अज्ञान किंवा कारभारास अपात्र ठरवलेल्या मालकांच्या जमीनदाऱ्या सांभाळणारे ते सरकारी खाते होते. एखाद्या राणीची तक्रार त्या खात्याच्या व्यवस्थापकाविरुद्धच असेल तर काय? तिची सल्लागार खात्याचीच पगारदार! अशिलाने वकील निवडायचा, हे तत्त्व येथे लागूच नव्हते. कॉर्नेलियाबाई अनेकदा अधिकाऱ्यांशी झगडल्या, हे खरे. पण सरकारी छत्रच आपल्या अशिलांना तारील ही त्यांची श्रद्धा ढळली नाही. शिवाय जिला जमीन नाही अशी फसवली गेलेली स्त्री या योजनेच्या कक्षेबाहेरच राहिली. माझ्या मते त्यांच्या कार्याची खरी मर्यादा ही होती, बहुधा सांगितला जाणारा त्यांचा साम्राज्यनिष्ठ स्वभाव नव्हे.

वकिलीचे दार उघडले ते सावकाश. १९१६ साली कलकत्ता हायकोर्टाने रेजिना गुहा यांचा अर्ज फेटाळला. १९२१ साली अलाहाबाद हायकोर्टाने कॉर्नेलियाबाईंना सनद दिली, आणि १९२३च्या कायद्याने स्त्री असणे ही अपात्रता राहिली नाही. कलकत्त्यात त्यांनी वकिली सुरू केली तेव्हा पन्नाशी केव्हाच उलटली होती. युक्तिवादाची कामे क्वचित येत. लेखी अभिप्रायच अधिक मागितले जात. गांधीजींच्या चळवळीला त्यांनी विरोध केला, कॅथरीन मेयोच्या १९२७ सालच्या पुस्तकाची पाठराखण केली, आणि उरलासुरला लोकाश्रयही गमावला. १९२९ साली निवृत्त होऊन त्या लंडनला गेल्या. तेथेच ६ जुलै १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या रोजनिशा व पत्रव्यवहार लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. १९०१च्या कथासंग्रहापासून १९३४च्या आत्मचरित्रापर्यंत त्यांचे अशील त्यांच्या ग्रंथांत वावरतात. मात्र ते तेथे बोलतात ती भाषा इंग्रजी आहे, आणि त्या अंतःपुरांतून बहुतेक कोणालाही ती येत नव्हती.