तीन तोळे अफू आणि आईचे गुडघे

आमच्या घरातली बहुतेक कामे आईच्या गुडघ्यांना विचारून ठरतात, त्याला आता बरीच वर्षे झाली. नेरूळच्या आमच्या इमारतीत जिने चढून वर यावे लागते. लग्नकार्य असो, भाजी आणणे असो की देवळात जाणे, पहिला प्रश्न एकच, आज गुडघे काय म्हणतात?

एका पावसाळ्यात दुखणे फारच वाढले. एका डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि खरोखर जादू झाली. आई शांत झोपू लागली. दिवसाही डुलक्या घेऊ लागली, पण दुखत नाही ना, या समाधानात आम्ही तिकडे लक्ष दिले नाही. एकीच्या दोन गोळ्या झाल्या, आठवड्यांचे महिने झाले. मग एकदा दोन दिवस गोळ्या मिळाल्या नाहीत, तर आईला दरदरून घाम, पोटात कळा, जिवाची नुसती तगमग. दुसऱ्या डॉक्टरांनी कागद पाहिला आणि समजावून सांगितले की, या ट्रामाडॉलच्या गोळ्या आहेत. औषध प्रयोगशाळेत बनते, पण शरीरात वागते अफूसारखे.

अफूचे नाव ऐकले आणि मला गार्सिया द ओर्ता आठवला.

पणजीच्या चर्चसमोरच्या उद्यानाला त्याचे नाव आहे. माणूस पोर्तुगीज, पण त्याचे खरे आयुष्य गेले ते आपल्या मुलखात. सन १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधल्या कास्तेलो द व्हिदे या गावी तो जन्मला. आईवडील ज्यू. स्पेनमधून हाकलले गेलेले आणि नंतर पोर्तुगालमध्ये बळजबरीने ख्रिस्ती केले गेलेले. गार्सियाने स्पेनमध्ये वैद्यक शिकून लिस्बनच्या विद्यापीठात काही काळ शिकवलेही. पण नवख्रिस्ती घराण्यांवर संशयाची नजर होतीच. १५३४ च्या मार्चमध्ये तो मार्तिम अफोन्सो द सोझाच्या ताफ्याबरोबर गलबतात बसला आणि सप्टेंबरात गोव्याला उतरला. पुन्हा मायदेशी गेला नाही.

गोव्याच्या गव्हर्नरांचा तो वैद्य झाला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याची मैत्री जमली, तिथेही तो उपचारासाठी जाई. हकीम आणि वैद्य यांच्याजवळ बसून तो शिकला, हे विशेष. १५५४ च्या सुमारास मुंबई बेट त्याला मक्त्याने मिळाले. तिथल्या वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्याचे कौतुक त्याने लिहून ठेवले आहे.

एप्रिल १५६३ मध्ये गोव्यात त्याचा ग्रंथ छापला गेला. भारतातल्या औषधांवरचे हे संवाद. एक पाहुणा प्रश्न विचारतो, गार्सिया उत्तरे देतो. हिंग, मिरी, दालचिनी, आंबा, भांग आणि अफूसुद्धा. लॅटिनऐवजी त्याने पोर्तुगीजमध्ये लिहिले, आणि प्राचीन पंडितांपेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवला.

अफूवरचा संवाद मी आईच्या उशाशी बसून वाचला. अफू कुठून येते, तिचे रंग कसे, हे तो सांगतो. कामोत्तेजक म्हणून लोक ती घेतात, पण परिणाम उलटाच होतो, हेही सांगतो. सवय झालेल्याने ती एकाएकी सोडली तर जिवावर बेतते, असा इशारा देतो. आणि मग येतो निजामशहाचा एक चिटणीस, मूळचा खुरासानचा. रोज तीन तोळे अफू खाणारा! विद्वान, उत्तम लिहिणारा, पण सदा पेंगणारा. बोलते केले की मात्र शहाण्यासारखे बोलायचा. गार्सियाने त्याची हेटाळणी केली नाही. पाहिले तसे लिहिले. मला मात्र त्या पेंगणाऱ्या चिटणीसात आमची आई दिसली.

सांध्यांची दुखणी आणि अफू यांचे नाते जगभर जुने आहे. गार्सियानंतर शंभर वर्षांनी इंग्लंडमधला थॉमस सिडनहॅम हा थोर वैद्य स्वतः गाउटने, म्हणजे वातरक्ताने, वर्षानुवर्षे हैराण होता, आणि त्यानेच अफूचा मद्यातला अर्क घरोघरी पोचवला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत सर्टुर्नरने अफूतून मॉर्फिन वेगळे काढले.

मर्म मला डॉक्टरांनी सांगितले. अफूच्या जातीची औषधे मेंदू आणि मज्जारज्जू यांत वेदनेचा निरोप अडवतात. सांध्याची सूज त्यांनी उतरत नाही, झीज थांबत नाही. संधिवाताच्या सुजेवर मेथोट्रेक्सेटसारखी मूळ आजार आवरणारी औषधे लागतात. गुडघ्यांच्या झिजेवर व्यायाम, वजन कमी करणे आणि गरजेपुरती साधी वेदनाशामके, तीही पोट आणि मूत्रपिंड सांभाळून. अफूजातीची गोळी महिनोन्महिने घेतली की बद्धकोष्ठ होते, तोल जातो, म्हातारपणी पडून हाड मोडते आणि सवय जडते. म्हणूनच २०१८ पासून ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले. मात्र कर्करोगाच्या असह्य वेदनेत मॉर्फिन हे वरदानच आहे. तिथे भीतीपोटी ते नाकारणे हा अन्याय होईल.

गार्सिया १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळले. १५८० मध्ये त्याचीही हाडे उकरून जाळण्यात आली. ज्याने उभा जन्म दुसऱ्यांची दुखणी जाणून घेतली, त्याला स्वतःचे दुखणे कुणाजवळ बोलता आले नसावे. पुस्तक मात्र उरले. १५६७ मध्येच क्लुसियसने त्याचा लॅटिन सारांश काढला होता, त्यामुळे ते युरोपभर गेले.

आईची गोळी एकाएकी बंद केली नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा थोडी थोडी कमी करत आणली, त्याला काही महिने लागले. गुडघे अजून दुखतात. पण ती जागी असते, भांडते, पत्त्यांत आम्हाला हरवते. रविवारी काठी टेकत वाशीच्या खाडीकाठी येते. पलीकडे मुंबई दिसते. तिथे एका वैद्याचा वर्षातून दोनदा फळणारा आंबा होता, असे मी तिला सांगितले. तिने लगेच विचारले, त्याचे गुडघे दुखत होते का रे?

मला उत्तर आले नाही. पण बऱ्याच दिवसांनी आई स्वतःहून काही विचारत होती, याचाच मला आनंद झाला.